चार दिवस नांदायला आलेलं घड्याळ

१

रविवारी सकाळी मी माझ्या घड्याळांना चावी देत बसतो, तेव्हा आमची ही स्वयंपाकघरातून हमखास विचारते, "झाला का बाळांचा चहा?"

बाळं कसली, चांगली वयस्कर मंडळी आहेत. सागवानी पेटी, आत मऊ कापड, प्रत्येकाला स्वतंत्र खण. एकच खण काय तो रिकामा होता. दात पडला की जीभ सारखी त्या जागी जाते ना, तसं माझं बोट त्या खणात जायचं. हे मी अनुभवानं सांगतो, कारण मी दातांचा डॉक्टर आहे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं मात्र चांगलं भरलं. खाली दवाखाना, वर घर, दोन्हींच्या मधे आतूनच जिना. माणसाला आणखी काय लागतं?

गंमत अशी की एवढी घड्याळं असून दिवसभर माझं मनगट उघडंच. सारखे हात धुवायचे, ग्लोव्हज चढवायचे, उतरवायचे. त्यात घड्याळ कुठे घालणार? संध्याकाळी वर आलो की एखादं काढायचं, हातावर चढवायचं आणि हॉलमधल्या आरामखुर्चीत बसून मिरवायचं. बघणारी एकटी ही.

"डझनभर घड्याळं आहेत," ती म्हणते, "पण वेळ एकातही नाही."

पोरगी नोकरीसाठी दूर गेल्यापासून हिचं एकच पालुपद होतं. दुपारी वर या. दोन घास बरोबर खाऊ. दुपारचं घर मला खायला उठतं. मलाही ते पटत होतं, नाही असं नाही. रोज दुपारी ती जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारायची, "अहो, जेवायला या!" मी खालून ओरडायचो, "आलो, आलो!" आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायचो. मग थोड्या वेळानं निमूटपणे डबा खाली यायचा आणि संध्याकाळी टोमणा. टोमणे मारण्यात आमच्या हिचा हात धरणारं कोणी नाही. इतकी वर्षं ऐकून मला त्यांची चटकच लागली होती म्हणा ना.

२

साठी आली तेव्हा ठरवलं, तो खण आता भरायचा. स्वतःला स्वतःकडून भेट.

माझे घड्याळवाले ठरलेले आहेत. डोळ्याला कायम भिंग अडकवलेलं, बोलतानासुद्धा काढत नाहीत, म्हणून मी त्यांना भिंगवाले म्हणतो. त्यांच्या दुकानात आवाज फक्त काट्यांचा. त्यांनी हिरव्या मखमलीचा ट्रे पुढे केला, आणि माझी पंचाईत झाली. एक पोलादी, निळ्या तबकडीचं, रोज चावी द्यायचं. दुसरं सोनेरी, तबकडी दुधावरच्या सायीसारखी, ऑटोमॅटिक. हे बघितलं की ते आवडायचं, ते बघितलं की हे. मुलगी बघायला जावं आणि बहिणीबहिणी दोघी समोर येऊन बसाव्यात, तशी गत.

"डॉक्टरसाहेब, दुकानात बसून घड्याळ ठरत नाही," भिंगवाले म्हणाले. ही त्यांची पद्धत जुनीच. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ते दोन घड्याळं घरी नेऊ देतात. "चार दिवस नांदवून बघा. जे हातात आहे हेच तुम्ही विसरून जाल, ते तुमचं. दुसरं परत पाठवा."

सोनेरीला त्यांनी माझ्यासमोर कोरा करकरीत पट्टा बसवला. मी ते हातावर घेतलं तेव्हा आत काहीतरी अलगद फिरलं, झोपेत मांजरानं कूस बदलावी तसं.

"आतलं वजन आहे ते," ते म्हणाले. "हात हलला की ते फिरतं, ते फिरलं की चावी बसते. याला वेगळी चावी नको. फक्त एक करा. हे पेटीत ठेवू नका. हातात घाला."

"आणि नाही घातलं तर?"

"तर काय, दोन दिवसांत थांबेल."

यात घाबरण्यासारखं काही होतं का? मला तरी वाटलं नाही. मी दोन्ही डब्या खिशात घालून शीळ घालत घरी आलो.

३

ही शब्दकोडं सोडवत बसली होती. तिनं चष्म्यावरून दोन्हींकडे पाहिलं आणि सोनेरीवर पेन्सिल टेकवली.

"हे."

"निळं का नको?"

"त्याला रोज चावी लागते ना? म्हणजे तुमच्यासारखंच. ढकलल्याशिवाय हलायचं नाही."

मी हसलो आणि निळंच घातलं. एक तर चावी देण्यात मला मजा येते. दुसरं म्हणजे सोनेरीचा कोरा पट्टा मला मळवायचा नव्हता. उद्या परत द्यायची वेळ आली तर? ते मी रिकाम्या खणात ठेवलं. काय शोभलं म्हणून सांगू! पेटी मिटली, कपाटाच्या ड्रॉवरमध्ये सारली आणि त्या रात्री मला फार छान झोप लागली.

तीन-चार दिवस मी निळंच घालत होतो. मग एका संध्याकाळी पेटी उघडली, सोनेरी बंद पडलं असणार या हिशोबानं. ते चालू होतं. सेकंदकाटा डौलात फिरत होता आणि वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळत होती.

मी आधी खूशच झालो. वा, काय यंत्र आहे! मग डोकं चालू लागलं. जे घड्याळ हात हलल्याशिवाय चालत नाही, ते ड्रॉवरमध्ये कोणाच्या हातानं चाललं? ड्रॉवर उघडझाक होताना हललं असेल. हिनं पेटी पुसायला घेतली असेल.

"अगं, तू पेटीला हात लावलास का?"

"मी? तुमच्या बाळांना?" ती हॉलमधून म्हणाली. "माझी काय बिशाद!" आणि मग जरा थांबून, "बाकी आज दुपारी वर आलात, फार बरं वाटलं हो."

आला टोमणा, मी मनात म्हटलं. टोमणा मारला की हिची डावी भुवई वर जाते. ती तेव्हा वर गेली होती का, हे मी बघायला हवं होतं. पण मी घड्याळ बघत होतो.

"येणारच की," मी तिच्याच सुरात म्हणालो. "आता रोज येणार."

"खरंच?"

"अगदी!"

४

आमच्या घराची जमीन म्हणजे दवाखान्याचं छत. वरची चाहूल मला पाठ आहे. हिच्या सपातांची चटकचटक, कपाटाचं दार, खिडकीची कडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका शिक्षिकाबाईंची दाढ भरत होतो. बाई खुर्चीत आडव्या, तोंडात कापूस, नजर छताकडे. वर सपाता हॉलमधून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्यामागून आणखी कोणीतरी गेलं. पावलं जड होती, एक नीट पडत होतं आणि दुसरं किंचित ओढत होतं. मग खुर्ची सरकली. मग ही हसली, मोकळं, पूर्वी हसायची तशी.

शिक्षिकाबाईंनी बोट वर करून "अं?" असं विचारलं.

"पाइप आहेत," मी म्हणालो. "जुनं घर आहे ना. पाण्याचे पाइप वाजतात."

आमच्या सिस्टर ट्रे पुसत होत्या. "डॉक्टर, पाइप हसतात होय?"

"मग टीव्ही असेल! कापूस द्या."

शेजारीण आली असेल, तिचा नवरा आला असेल, गवंडी, नळवाला, कोणीही असेल. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाला कारणांना काय तोटा? दाढ छान भरली. बाई गेल्या. मी हात धुवायला बेसिनकडे निघालो आणि दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर मला माझीच पावलं ऐकू आली. पूर्वी एकदा जिन्यावरून घसरलो होतो, तेव्हापासून माझा डावा पाय जरासा ओढतो. मला त्याची इतकी सवय झाली होती की तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

५

घर मात्र खुशीत होतं. हे लिहायलाच हवं. संध्याकाळी वर आलो की ही गुणगुणत असायची. ओट्यावर दोन कप पालथे घातलेले. टोमणे बंद झाले. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

"पोरगी फार खूश होती हो," एकदा ती म्हणाली. "दुपारी एवढा वेळ बोललात तिच्याशी. म्हणाली, बाबांना बोलायला येतं हे मला माहीतच नव्हतं."

मी पोरीशी बोललो नव्हतो. भुवईकडे पाहिलं. ती जागच्या जागी होती. ही माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होती की "मी नव्हतो गं तो" असं म्हणायला माझी जीभ उचलेना. साठी बुद्धी नाठी म्हणतात, तसं तर काही नाही? मीच वर जाऊन येत असेन आणि विसरत असेन? दुसऱ्या दिवशी मी आडून आडून सिस्टरना विचारलं.

"सिस्टर, मी हल्ली दुपारी वर जातो का हो?"

"कुठे जाता!" त्या म्हणाल्या. "बाईसाहेब हाका मारून थकल्या. हल्ली तर मारतही नाहीत. डबाही खाली येत नाही. माझ्या डब्यातलं खाताय तुम्ही रोज, तेही लक्षात नाही?"

खरंच, लक्षात नव्हतं.

त्या संध्याकाळी मी एक युक्ती केली. घड्याळाची चावी बाहेर ओढली की काटे जागीच थांबतात, ती आत दाबेपर्यंत. हे कोणत्याही शौकिनाला विचारा. मी सोनेरीची चावी ओढली, ते थांबलेलं डोळ्यांनी पाहिलं, पेटीत ठेवलं, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. कोण हुशार ते बघूच!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आत सोनेरी चालू होतं, वेळ बरोबर. मी ते उचललं आणि पटकन खाली ठेवलं, कारण ते कोमट होतं, आत्ता कोणीतरी हातातून काढून ठेवल्यासारखं. परत उचललं. कोरा पट्टा मऊ पडला होता. त्यावर एका भोकापाशी घडी उमटली होती. मी तो माझ्या मनगटाला लावून पाहिला. घडी बरोबर माझ्या भोकावर येत होती. मग नाकाशी नेला. लवंगेच्या तेलाचा वास होता. दवाखान्यातला, माझ्या बोटांना कायम असतो तो.

मी ते घड्याळ आजपर्यंत दुकानाबाहेर एकदाही हातात घातलं नव्हतं.

"निळं की सोनेरी, काय ठरलं?" हिनं दारातून विचारलं.

"सोनेरी परत देतोय," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. "का हो? किती छान दिसतं तुमच्या हातात. दिवसभर काढत नाही तुम्ही."

६

भिंगवाल्यांकडे जाण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हटलं. हातच्या कंकणाला आरसा कशाला? दुपारचा एक पेशंट पुढे ढकलला, सिस्टरना "आलोच" म्हटलं आणि जिना चढायला लागलो. हाक नसताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दुपारी आमचं घर कसं दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. जिन्याच्या वळणावर भिंतीवर उन्हाचा एक चौकोन पडला होता. वरचं दार अर्धवट उघडं. टेबलावर दोन जेवलेल्या ताटल्या. आतून हिचा आवाज येत होता.

"पाच अक्षरी. 'मनाचा निवांतपणा.'"

उत्तर आलं, हळू आवाजात, मला शब्द कळला नाही. आवाज कळला. पेशंटला "आता दुखणार नाही हं" म्हणताना माझा जो आवाज असतो, तो.

"बसलं की हो!" ही म्हणाली आणि टाळी वाजवली.

मी आणखी एक पायरी चढलो. दाराच्या फटीतून आरामखुर्चीची पाठ दिसली. बसलेलं माणूस दिसत नव्हतं. खुर्चीच्या हातावर एक हात होता, शर्टाची बाही दोन घड्या वर दुमडलेली, मनगटावर सोनेरी घड्याळ. करंगळीनं तो लाकडावर ताल धरत होता. मी पेशंटची वाट बघताना धरतो, तो.

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू? पाय मागे घेतला, पायरी करकरली.

"खाली कोणी आलंय का हो?" हिनं खुर्चीकडे बघत विचारलं.

"पाइप आहेत," खुर्चीतून उत्तर आलं. "जुनं घर आहे ना."

आयत्या बिळावर नागोबा! एका ढांगेत आत जावं, बाही धरून त्याला उठवावं, "अगं, हा बघ कोण बसलाय" म्हणावं. दोन पायऱ्यांचं तर काम होतं. पण त्या फटीतून मला हिचा चेहरा दिसत होता. पोरगी गेल्यापासून ती इतकी निवांत बसलेली मी पाहिली नव्हती. आणि एकदम मला दुकानातला तो हिरवा ट्रे आठवला. समजा मी आत गेलो. समजा आम्ही दोघं तिच्यासमोर शेजारी शेजारी उभे राहिलो. तिनं चष्म्यावरून एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि पेन्सिल उचलली तर?

मी आवाज न करता खाली आलो. डावा पाय उचलून उचलून टाकत होतो, ऐकू जाऊ नये म्हणून.

७

सोनेरी परत द्यायचं, आजच. दवाखाना लवकर बंद करून मी वर आलो. हॉल रिकामा. आरामखुर्चीवर हात ठेवून पाहिला, गादी कोमट होती. ही स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मी झोपायच्या खोलीत गेलो, सवयीनं, न बघताच निळं हातावर चढवलं, किल्लीनं ड्रॉवर उघडला आणि पेटी मांडीवर घेऊन पलंगावर बसलो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. भिंगवाले होते.

"डॉक्टरसाहेब, उद्या सकाळी माणूस पाठवतो निळं न्यायला."

"निळं? निळं नाही, मी सोनेरी..."

"हो हो, सोनेरी ठेवताय ना! दुपारी फोनवर म्हणालात, हातात आहे हेच विसरून गेलो होतो. तेव्हाच मी म्हटलं, जमलं! मन लावून नांदवलंत हो तुम्ही. आता निळं तेवढं नीट डबीत घालून ठेवा. वापरलेलं नाहीये ना फारसं?"

"नाही," मी म्हणालो. "फारसं नाही."

फोन ठेवून मी मनगटाकडे पाहिलं. निळं थांबलं होतं. या सगळ्या धांदलीत त्याला चावी द्यायची राहूनच गेली होती. पेटी उघडली. सगळी बाळं आपापल्या जागी होती. फक्त तो एक खण पुन्हा रिकामा होता.

हॉलमध्ये आरामखुर्ची करकरली.

मी पेटीवर हात ठेवून तसाच बसलो. मला अजूनही वाटत होतं की काहीतरी कारण सापडेल. खिडकी असेल. वारा असेल. आणि नसलंच कारण, तरी अजून सगळं माझ्या हातात आहे. उठून बाहेर जायचं एवढंच. हिनं एक हाक मारावी, की मी या क्षणी उठणार, धावत जाणार. आज पेशंट नाही, दुसरं काही नाही. आता रोज जाणार. दुपारी, संध्याकाळी, म्हणशील तेव्हा.

"अहो," स्वयंपाकघरातून तिची हाक आली, "जेवायला या!"

मी तोंड उघडलं.

"आलो, आलो!" हॉलमधून आवाज गेला, आणि त्याच्यामागून पावलं, एक जड, एक किंचित ओढलेलं.

ताटल्या मांडल्याचा आवाज झाला. खुर्च्या सरकल्या.

"अगबाई," ती केवढ्या आनंदानं म्हणाली, "एका हाकेत आलात!"